नापास व्हायची परीक्षा

पोंगल सरला की चेन्नईत एक पुटपुट सुरू होते. दारातल्या कोलमांचे, म्हणजे इकडच्या रांगोळ्यांचे, रंग अजून फरशीच्या भेगांमधून गेलेले नसतात, उसाच्या चोयट्या कचऱ्याच्या डब्यांत वाळत पडलेल्या असतात, आणि गच्च्यांवरून, जिन्यांमधून, बसथांब्यांवरून पोरांची पाठांतरं ऐकू येऊ लागतात. दहावीच्या रिव्हिजन टेस्ट जवळ आल्या. इथे पाठांतराला ‘मनप्पाडम’ म्हणतात, म्हणजे मनातला पाठ. पण तो मनातल्या मनात कुणीच करत नाही. येरझाऱ्या घालत, एका सुरात, शेजाऱ्यांनाही तोंडपाठ होईल इतक्या मोठ्याने करतात. समोरच्या घरातल्या मुलामुळे मला या वर्षी मूत्रपिंडाचं कार्य पाठ झालं आहे.

आज सकाळी पेरुंगुडीच्या बसमध्ये माझ्या शेजारी गणवेशातली एक मुलगी बसली होती. दुमडून लाल फितीत बांधलेल्या वेण्या, मांडीवर उघडं पुस्तक, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मी तिच्याकडे बरं दिसणार नाही इतका वेळ बघत राहिले. मिटल्या डोळ्यांमागे तिला पान दिसत होतं की आवाज ऐकू येत होता? ती वाचत होती की आठवत होती? आणि या दोन्हींत फरक आहे, तर तो नेमका कुठे सुरू होतो?

हा प्रश्न मला चार वर्षांपूर्वी, याच दिवसांत, अंबत्तूरमधल्या एका मुलीने दिला. तिने विचारला नव्हता. तिच्यामुळे तो माझ्या अंगावर आला.

त्याआधी मला प्रश्न फारसे पडत नसत. मला उत्तरं येत. माझे बाबा भुसावळकडून बदली होऊन इकडच्या एका संरक्षण कारखान्यात आले, आणि येताना भांड्यांच्या ट्रंकेबरोबर युनियनच्या जुन्या पत्रकांची एक ट्रंक घेऊन आले. आमच्या क्वार्टरमध्ये गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मी शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकले. मराठी शिकले ती त्या पत्रकांवरून, चिरमुऱ्यांच्या वासाच्या पिवळ्या कागदांवरून. मला कुणी वाचायला शिकवल्याचं आठवत नाही. काल येत नव्हतं, आज येत होतं. त्यामुळे वाचणं ही माझ्या लेखी श्वास घेण्यासारखी गोष्ट होती, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचा श्वास कुणीतरी कोंडलेला असणार, अशी माझी पक्की समजूत. कोंडणारा असेल तर त्याचं नाव शोधायचं, आणि नाव सापडलं की पत्रक काढायचं.

अशा डोक्याने मी एका संशोधन प्रकल्पात कामाला लागले. नववी-दहावीपर्यंत येऊनही काही मुलं इतकी अडखळत का वाचतात, हे एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टर आणि काही शिक्षक मिळून शोधत होते. माझं काम साधं. शाळेत जायचं, एकेका मुलीला समोर बसवायचं, पिवळ्या पुठ्ठ्यावर छापलेली तमिळ शब्दांची यादी वाचायला द्यायची, घड्याळ लावायचं, चुका नोंदवायच्या. दोन कडक नियम होते. मुलीने चूक केली तरी ती सुधारायची नाही. आणि यादी खोलीबाहेर न्यायची नाही.

शाळा अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीच्या मागे होती. भिंतीपलीकडे लेथ चालायचे, आणि सकाळच्या प्रार्थनेत ‘शांती’ या शब्दाच्या वेळी नेमकं कुणीतरी लोखंड कापायला घ्यायचं. फाटकावर भलामोठा फलक: शंभर टक्के निकाल. खाली पहिल्या आलेल्या मुलींचे फोटो. त्या फलकाचा मला आजही राग येतो. शंभर टक्के निकाल लावायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जी मुलगी नापास होईलशी वाटते तिला नववीतच दाखला देऊन वाटेला लावणं, आणि हा मार्ग कितीतरी शाळांना माहीत आहे. वाटेला लावलेल्या मुलींचे फोटो कुठल्याच फलकावर नसतात. ही वाक्यं मी तेव्हा बाबांना फोनवर तावातावाने ऐकवली होती. बाबा म्हणाले, “लिहून काढ.” आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर हेच औषध.

मला बसायला प्रयोगशाळेची अडगळीची खोली दिली होती. बरणीतला बेडूक, तुटलेला सांगाडा आणि मी. चौथ्या दिवशी तेनमोळी आली. दहावीतली, लांबोडक्या चेहऱ्याची, कपाळावर भस्माची बारीक रेघ. बसायच्या आधीच तिने विचारलं, “अक्का, याचे मार्क किती?”

आमचं बोलणं तमिळमध्ये. इथे मराठीत लिहिते आहे.

“मार्क नाहीत.”

“मार्क नाहीत, मग परीक्षा कशाला?” ती हसली. “बेडकाची करमणूक?”

मग तिने यादी हातात घेतली आणि तिचं हसू गेलं. पहिला शब्द तिने बोटाने दाबून धरला, जणू तो पळून जाणार होता. पहिलं अक्षर म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसऱ्यावर पोचेपर्यंत पहिलं हरवलं. पुन्हा मागे. तमिळमध्ये काही स्वरांची चिन्हं व्यंजनाच्या आधी लिहितात आणि उच्चार नंतर करतात. मी आयुष्यभर ती वाचत आले, पण डोळ्याने पुढे जाऊन जिभेने मागे थांबायची ही कसरत आपण करतो, हे मला तिच्या कपाळावरच्या घामामुळे पहिल्यांदा दिसलं. वेळ संपली तेव्हा ती चौथ्या ओळीवर होती. मी नियमाप्रमाणे गप्प राहिले. ती म्हणाली, “बरोबर किती?” मी म्हणाले, “सांगता येत नाही.” तिने पुठ्ठा हळूच खाली ठेवला. एखाद्याला मूल परत करावं तसा.

शाळेत आठवड्यातून दोनदा शकुंतलाबाई यायच्या. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षिका, पन्नाशी उलटलेल्या, तंजावूरच्या जुन्या मराठी घरातल्या. दोनशे-तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहिलेली त्यांची मराठी माझ्या मराठीकडे बघून हसायची.

“तुझी मराठी म्हणजे आकाशवाणी गे,” त्या म्हणायच्या. “जेवण जाहलं की नाही, तेवढं सांग.”

त्यांनीच मला तेनमोळीची गोष्ट सांगितली. तिची बेंचवरची मैत्रीण धडा मोठ्याने वाचते, आणि एकदा-दोनदा ऐकला की तेनमोळीला तो शब्दन् शब्द येतो. विज्ञान, समाजशास्त्र, कविता, सगळं. दहा वर्षं ती अशी कानांवर शिकली होती.

“त्या पोरीला सगळं येतं,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “प्रश्न काय विचारलाय, तेवढंच कळत नाही. कळेपर्यंत घंटा होते.”

उपाय होता. एग्मोरच्या बाजूला आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे तपासणी करून वाचनदोषाचा दाखला मिळाला, तर दहावीच्या पेपरला एक तास जास्त मिळतो. अर्जाची मुदत वाढून मिळाली होती. तपासणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची. तो दाखला मिळाला नाही तर तेनमोळी नापास होणार, आणि नापास झाली तर तिची आई तिला आपल्याबरोबर कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला नेणार, हे घरात ठरलेलं होतं. आई दुष्ट नव्हती. तिला दुसरी वाट माहीत नव्हती.

तीन आठवडे नुसतं वाट बघत बसणं माझ्या रक्तात नाही. मुलीला चाचणीला बसवायचं, ती चुकते ते डोळ्यांनी बघायचं, आणि बरोबर काय ते सांगायचं नाही! कुलूप लावलेलं ज्ञान म्हणजे चोरलेलं ज्ञान, असं एक वाक्य मी वहीत लिहिलं आणि मला ते फार आवडलं. मग पुठ्ठ्यावरची यादी त्याच वहीत उतरवून घेतली.

रोज मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, आम्ही दोघी बसायचो. तिच्या डब्यात लिंबूभात, माझ्या डब्यात दहीभात. मी शब्द म्हणायचे, ती म्हणायची. मग ती एकटी म्हणायची. सकाळची थंडी कमी होत चालली होती, दुपारी टाकीचा लोखंडी पाय हाताला चटका देऊ लागला होता, आणि तेनमोळी आठव्या ओळीवर पोचली होती, मग बाराव्या, मग शेवटच्या. माझा आनंद काय सांगू! दोन आठवड्यांत! इतकी वर्षं कुणाला जमलं नाही ते मी टाकीखाली करून दाखवलं होतं.

एक गोष्ट मी पाहिली होती आणि पाहूनही पाहिली नव्हती. यादीतल्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून “हा काय?” विचारलं, की ती ओठांतल्या ओठांत पहिल्या शब्दापासून म्हणत म्हणत तिथवर यायची. मला ते गोड वाटलं होतं.

तपासणीच्या दिवशी तिची आई अर्धी रजा टाकून आली. आम्ही तिघी लोकलने सेंट्रलला आणि तिथून बसने एग्मोरला गेलो. तेनमोळीने केसांत मोगऱ्याचा गजरा माळला होता, आणि रस्ताभर ती मला चिडवत होती.

“अक्का, डॉक्टर सुई टोचतात?”

“नाही ग.”

“डोक्याला तारा लावतात?”

“लावतीलही.”

“मग डोक्यात काय आहे ते दिसेल. सगळं बायोलॉजीच आहे.”

दवाखान्यात कसलं ना कसलं यंत्र असेल असं खरं तर मलाही वाटलं होतं. डॉक्टर पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी तेनमोळीला आधी चित्रं दाखवली, काही लिहायला दिलं, आकडे उलट म्हणायला लावले. मी कोपऱ्यात बसले होते. मग त्यांनी खण उघडला आणि एक पिवळा पुठ्ठा बाहेर काढला.

तीच यादी. आमच्या प्रकल्पाने ती या दवाखान्याकडूनच घेतली होती. ही गोष्ट मी कुणालाही एका वाक्यात विचारू शकले असते. विचारली नव्हती.

तेनमोळीने पुठ्ठा पाहिला, आणि तिची पाठ ताठ झाली. ती वाचू लागली. वाचू लागली म्हणजे काय, वाहू लागली. बोट मागे राहत होतं आणि जीभ पुढे जात होती. खुर्चीच्या मागे धरलेल्या डाव्या हाताचा अंगठा तिने माझ्यासाठी वर केला. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

डॉक्टरांनी घड्याळ थांबवलं, आकडे मांडले, आणि आईला म्हणाल्या, “लेखन कच्चं आहे. पण वाचन आम्ही जिथे रेष धरतो तिच्या वर आलं आहे. दाखला मला देता येणार नाही. खोटं लिहिता येत नाही हो.”

आईला एवढंच कळलं की मुलगी वर आली. तिने हात जोडून डोळ्यांना लावले. तेनमोळी माझ्याकडे वळली. तो चेहरा मी विसरलेले नाही. सोळा वर्षांत वाचनाच्या कुठल्याही परीक्षेत ती पहिल्यांदा पास झाली होती.

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. शेजारी एक लहान मूल लाकडी ठोकळे एकमेकांवर रचत होतं. मी सांगितलं तर माझं काम जाईल, हा विचार आला. खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठा विचार तेनमोळीच्या त्या चेहऱ्याचा होता. तो मीच दिला होता आणि मलाच काढून घ्यायचा होता. न सांगावं, तर ती हसत हसत घरी जाईल आणि मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक पेपरात घंटा तिच्या आधी होईल.

मी परत आत गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. टाकी, वही, मधली सुट्टी.

“रोज?” त्यांनी विचारलं.

“रोज. तीन आठवडे.”

“अजून कुणाला दाखवलीस?”

“नाही.”

त्यांनी चष्मा काढला. “या शाळेचे सगळे आकडे आता मला बाजूला ठेवावे लागतील. तुझ्या शब्दावर मी विसंबेन, पण आकड्यांच्या बाबतीत तसं चालत नाही.” मग म्हणाल्या, “यादी बाहेर न्यायची नाही असं सांगितलं होतं. का, हे विचारावंसं वाटलं नाही तुला?”

“नाही,” मी म्हणाले. “नियम चुकीचाच असणार, असं वाटलं.”

त्या हसल्या, पण आनंदाने नाही. दुसरी यादी होती त्यांच्याकडे, तितकीच कठीण, कुणी न पाहिलेली. “पण ती पोर आत्ता पास झालीय अशा समजुतीत बसली आहे. तिला काही न सांगता मी पुन्हा बसवणार नाही. सांगायचं काम तुझं.”

आजवर मी संप पुकारणाऱ्या सभांत बोलले आहे, लाठी घेतलेल्या पोलिसांसमोर घोषणा दिल्या आहेत. त्या व्हरांड्यात तेनमोळीसमोर उभं राहणं त्यापेक्षा अवघड होतं. मी सांगितलं. दाखला हवा असेल तर यादी अडखळत वाचली जायला हवी होती. तू वाचलीस ती पाठ होती म्हणून.

तिने गजऱ्यातली एक कळी काढून चुरली. आई विचारत होती, काय झालं, काय झालं.

“अक्का,” ती म्हणाली, “ही नापास व्हायची परीक्षा आहे, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?”

लोकांना अंधारात ठेवून त्यांच्याविषयी ठरवणाऱ्यांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. आणि या पोरीला तर मी तीन आठवडे उन्हात बसवून अंधारात ठेवलं होतं.

“नवी यादी वाचली तर एक तास मिळेल?” तिने विचारलं.

“बहुतेक.”

“आणि कागदावर काय लिहितील? मंद?”

“नाही. वाचायला जास्त वेळ लागतो, एवढंच.”

“ते खरंच आहे,” ती म्हणाली, आणि उठली. दारापाशी वळून मला हाताने थांबवलं. “तुम्ही बाहेर बसा.”

दार लागलं. आतून एक अक्षर आलं, मग शांतता. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं.

दाखला मिळाला. मला प्रकल्पातून काढलं नाही, पण त्या शाळेत पुन्हा पाठवलं नाही, आणि ते योग्यच होतं. शकुंतलाबाईंना मी फोन केला तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आता मज सांग,” त्या म्हणाल्या, “पोरीला तू वाचावयास शिकविलीस, की यादी शिकविलीस?”

“यादी.”

“सरी, बरं. मग यादी तिला आली. ते काही वाया जात नाही गे. पण ते औषध वेगळं आणि ताप मोजायची काच वेगळी. काच उन्हात धरलीस तर ताप कसा कळेल?”

त्या दुपारपासून मला हे कुतूहल लागलं ते लागलंच. आता पेरुंगुडीच्या एका छोट्या कार्यालयात मी स्वतः अशा याद्या बनवते. अंबत्तूरच्या मुलीने कोणता शब्द ऐकलेला असेल, कोणता नसेल. डोळा कुठे थांबतो, का थांबतो. एखादा शब्द कितव्यांदा भेटला की तो आठवणीतून वाचनात शिरतो. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणतात, ठाऊक नाही. शकुंतलाबाई म्हणतात, पोराला विचार. मी दोन्ही ऐकते. राग गेलेला नाही. शंभर टक्क्यांच्या फलकांविरुद्ध मी अजूनही लिहिते. पण हल्ली आधी ‘का?’ असं विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. थांबणं मला अजून नीट जमत नाही.

तेनमोळी त्या दिवशी परतीच्या वाटेवर माझ्याशी एक अक्षरही बोलली नाही. नंतर दोन महिने नाही. तमिळच्या पेपराच्या दिवशी मला राहवलं नाही, म्हणून मी तिच्या परीक्षा केंद्राबाहेर जाऊन उभी राहिले. ऊन रणरणत होतं. फाटकासमोर कलिंगडवाला, ताडगोळेवाली, छत्र्या घेतलेल्या आया. घंटा झाली, मुलींचा लोंढा बाहेर पडला, उत्तरं ताडून बघत, किंचाळत, रडत पांगला. कलिंगडवाल्याने गाडी दुसऱ्या शाळेकडे वळवली. मग रस्ता रिकामा झाला आणि एक तास गेला.

ती एकटीच बाहेर आली. बोटं शाईने निळी. मला पाहून तिने ओळख दाखवावी की नाही, याचा क्षणभर विचार केलेला मला दिसला. मग ती आली.

“कसा गेला?” मी विचारलं.

“ते निकालात कळेल.” ती ताडगोळेवालीच्या सावलीत येऊन उभी राहिली. “अक्का, मोठ्या प्रश्नांत ‘हा किंवा तो’ असे दोन दिलेले असतात ना? मी दर वेळी पहिलाच लिहायचे. दुसरा वाचायला वेळच नसायचा. आज सगळीकडे दोन्ही वाचले.”

“मग?”

तिने शाईची बोटं कपाळावरून फिरवली.

“बऱ्याच ठिकाणी दुसराच सोपा होता,” ती म्हणाली.